पिठाच्या डब्यातलं पिस्तूल

डेल्फिया नेपियरच्या न्हाणीघराचं दार बंद असलं आणि त्यावर वहीचा कागद चिकटवलेला दिसला, की टर्कीपेन ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना कळायचं की आत कुणाचं तरी पिस्तूल गंजत लटकलं आहे, आणि एस्टिल नेपियर आता आठवडाभर ओढ्यावर अंघोळ करणार.

एस्टिलची त्याला हरकत नसायची. हरकत असली तरी लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेल्या माणसाने ती सांगायची कुणाला? "लोकांच्या बायका नवऱ्याला घराबाहेर काढतात," तो खांद्यावर टॉवेल टाकून ओढ्याकडे जाताना शेजाऱ्यांना ऐकवायचा. "माझी नुसती न्हाणीघराबाहेर काढते. देवाची दया आहे."

डेल्फियाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. केंटकीच्या त्या डोंगरात रस्ता म्हणजे ओढ्याने उरलंसुरलं सोडलेलं असतं ते. त्या रस्त्यावरून चाळीस पोरं रोज नेऊन आणताना तिने एकदाही बस ओढ्यात घातली नाही. बर्फ पडलं की शाळा बंद व्हायची, आणि ड्रायव्हरांनी गॅरेजात बसून राहायचं असा नियम होता. तिथला मिस्त्री हार्ज अशा दिवसांत लोकांची जुनी पिस्तुलं नवी करायचा. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत, डेल्फिया हार्जच्या शेजारी बसे. पहिल्या हिवाळ्यात तिने नुसतं पाहिलं, दुसऱ्या हिवाळ्यात कानस हातात घेतली, आणि पाचव्या हिवाळ्यात हार्ज पत्ते खेळायला उठून गेला.

गंज हा लोखंडाचा वैरी, हे शेंबडं पोरही सांगेल. डेल्फियाची सगळी कला त्या वैऱ्याला घरी बोलावून कामाला लावण्यात होती. पिस्तूल आधी सुटं करायचं. कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून आरशासारखं स्वच्छ करायचं. तेलाचा थेंब राहता कामा नये. मग गंज चढवणाऱ्या औषधाचा बोळा एकदाच, हलक्या हाताने फिरवायचा आणि दमट जागी टांगून ठेवायचं. काही तासांत त्यावर तांबडा गंज चढतो. तो स्वच्छ पावसाच्या पाण्यात उकळला की काळा होतो. तो बारीक तारेच्या घासणीने झाडला की खाली धुरकट निळा थर दिसतो. मग पुन्हा औषध, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असे आठ थर. त्यानंतर तेलाचा हात फिरवला की पावसाळी रात्रीच्या आभाळाचा रंग लोखंडावर उतरतो, आणि माणसाच्या आयुष्याला पुरून उरतो. ओढ्याकाठी दमट जागा म्हणजे न्हाणीघर. गरम पाणी सोडून दार लावून घेतलं की झालं.

उकळायचं पातेलं वेगळं असे. त्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली होती, कारण एकदा एस्टिलने डुकराची चरबी घालून त्यात शेंगा शिजवल्या होत्या. चरबीचा अंश पातेल्याला राहिला आणि पाद्रीसाहेबांचं पिस्तूल गाईसारखं पांढऱ्याकाळ्या डागांचं निघालं. पाद्रीसाहेब सज्जन, त्यांनी तेच ठेवून घेतलं. पण त्या रविवारचं प्रवचन निष्काळजीपणावर होतं आणि सगळा वेळ त्यांचे डोळे एस्टिलवर होते.

तर असं सगळं असताना, पंचक्रोशीत तिच्या हाताचं नाव असताना, अडुसष्ट वर्षांच्या डेल्फियाच्या मनात एक सल होता. तिची थोरली बहीण झेटी तिच्या कुठल्याही कामाला आजवर 'चांगलं' म्हणाली नव्हती.

झेटी ऐंशीची, ओढ्याच्या पलीकडे राहायची. आई गेली तेव्हा डेल्फिया चार वर्षांची होती आणि झेटी सोळा. झेटीने तिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, वाचायला शिकवलं, वेळप्रसंगी बडवलं. जीव लावला, पण कौतुक केलं नाही. कौतुकाने पोरं नासतात, असं तिचं ठाम मत होतं आणि अडुसष्टाव्या वर्षीही पोर नासू शकतं अशी तिला धास्ती असावी. डेल्फियाने एस्टिलला लग्नाआधी दाखवायला नेलं तेव्हा झेटीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उंची ठीक आहे." तीस वर्षं अपघात न केल्याबद्दल शाळेने डेल्फियाला पितळी पाटी दिली, ती पाहून म्हणाली, "वाकडी लावलीस." डेल्फियाचा सात थरांचा सफरचंदाचा केक खाताना डोंगरातल्या बाकीच्या बायका डोळे मिटायच्या. झेटी डोळे उघडे ठेवून म्हणायची, "दालचिनी जास्त झाली."

त्या वर्षी एप्रिलात झेटी एका सकाळी कापडाने झाकलेला पत्र्याचा डबा पोटाशी धरून पूल ओलांडून आली. डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"हे काय, ताई? पीठ कशाला आणलंस?"

"पीठ नाही. आत हात घाल."

डेल्फियाने कोपरापर्यंत हात घातला आणि पिठातून वडिलांचं पिस्तूल बाहेर काढलं. सहा गोळ्यांचं, फिरत्या चक्राचं, कधीकाळी निळं असलेलं. आता त्यावर गंज आणि कणीक यांची खपली होती. मुठीच्या रबरी फळ्यांपैकी एक फुटलेली, दुसरी नाहीशी झालेली. वडिलांनी ते एका शिकारी कुत्र्याच्या बदल्यात घेतलं होतं आणि कुत्रा जास्त कामाचा होता, असं झेटी अजून म्हणायची. वडिलांच्या मागे ते तिच्याकडे आलं. परसात शेंगा तोडायला जाताना ती ते एप्रनच्या खिशात टाकून न्यायची. हिशेब असा होता: तांबूस डोक्याचे विषारी साप सात, कोंबडा एक. कोंबडा चुकून.

"पिठात कुणी पिस्तूल ठेवतं का गं?" डेल्फियाने चक्र उघडत विचारलं.

"चोर पिठात हात घालत नाही."

"चोर नाही घालत, पण ओल घालते ना." चक्रातून पिठाने माखलेल्या दोन गोळ्या टेबलावर पडल्या. एस्टिल खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. "ताई, यात गोळ्या आहेत!"

"असणारच. गोळ्या नसलेल्या पिस्तुलाने सापाला काय, भीती घालू?"

"दोन कशाला पण?"

"पहिली चुकते."

डेल्फियाने गोळ्या बाजूला काढून डब्यात बंद केल्या, चक्र तीनदा उजेडाला धरून पाहिलं, आणि मग श्वास सोडला. झेटीने येण्याचं कारण सांगितलं. तिची नात केंड्रा जंगलखात्यात लागली होती. झाडांची मापं घेत एकटी दिवसभर डोंगर पालथे घालायची. मागच्या पंधरवड्यात तिच्या बुटावरून साप गेला होता. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, डेकोरेशनला, सगळं घराणं टेकडीवरच्या कबरींना फुलं वाहायला जमेल. तेव्हा सर्वांसमोर झेटीला हे पिस्तूल केंड्राच्या हातात द्यायचं होतं.

"म्हणजे पाच आठवडे आहेत," डेल्फिया म्हणाली.

"आहेत. खराब करू नकोस म्हणजे झालं."

झेटी पूल ओलांडून गेली. डेल्फिया दारात उभी राहून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत होती. मग ती आत वळली तेव्हा तिचा चेहरा एस्टिलला ओळखीचा वाटला. बर्फात बस घाटावर चढवताना तो असाच व्हायचा.

"या खेपेला तिच्या तोंडून काढणार," ती म्हणाली.

"काय?"

"चांगलं. एवढा एक शब्द."

एस्टिल इतका हसला की त्याला पुन्हा बसावं लागलं. "डेल्फी, देवाने सहा दिवसांत जग केलं, आणि सातव्या दिवशी झेटीने त्याला सांगितलं असेल, की डोंगर जरा जास्त झालेत. ती 'चांगलं' म्हणाली ना, तर पुढच्या डेकोरेशनला टेकडीवरचं सगळं गवत मी एकटा कापीन."

"सगळं?"

"कबरीन् कबर. यंत्राशिवाय, विळ्याने."

डेल्फियाने हात पुढे केला आणि त्याने तो हातात घेतला. त्या डोंगरात एवढ्याने शब्द पक्का होतो.

तीन आठवडे ती नुसती घासत होती. गंजाने लोखंडाला देवीचे व्रण पाडले होते. ते काढताना कडा गोल होऊ द्यायच्या नाहीत, बनवणाऱ्याने कोरलेली अक्षरं पुसू द्यायची नाहीत, आणि लोखंड गरजेपेक्षा जास्त झिजवायचं नाही. कानस एकाच दिशेने न्यायची, उचलायची, पुन्हा न्यायची. हात आखडले की ती एस्टिलला ते दोन्ही हातांत धरायला सांगायची. तो तिची बोटं एकेक करून मोकळी करायचा आणि शेजारच्यांच्या बातम्या सांगायचा. बाहेर लाल फुलांच्या झाडांना बहर आला, गेला. डेल्फियाने तो खिडकीतून, कानशीच्या वरून पाहिला. ती फार सुखात होती.

मुठीच्या फळ्यांसाठी लाकूड हवं होतं. एस्टिलने अक्रोडाचा चांगला ओंडका आणून दिला. डेल्फियाने तो हातात फिरवून परत केला आणि टॉर्च घेऊन बाहेर गेली. वडिलांच्या जुन्या घराचं आता काही उरलं नव्हतं. उरली होती फक्त मागची मांस टांगायची लाकडी खोली. तिच्या तळाची एक फळी तिने उचकटली, आत खांद्यापर्यंत हात घातला आणि एक लांब दांड्याचा चाटू बाहेर काढला.

हा चाटू चेरीच्या लाकडाचा होता. शरद ऋतूत सफरचंदाचा मुरंबा दिवसभर मोठ्या कढईत घोटायला तो लागायचा. उरलेले अकरा महिने तो डेल्फियाच्या पाठीसाठी असायचा. नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिने तो पळवून या फळीखाली दडवला. झेटीने घर धुंडाळलं, परस धुंडाळलं, विहिरीत वाकून पाहिलं. चाटू मिळाला नाही. एकोणसाठ वर्षं डेल्फियाने हे पाप कुणाला सांगितलं नव्हतं. एस्टिललासुद्धा नाही.

"हे कुठून आणलंस?" त्याने विचारलं.

"सापडलं."

तिने चाटूचं पातं कापून त्यातून दोन फळ्या काढल्या, हाताला बसतील अशा घासल्या, आणि त्यांना जवसाचं तेल पाजलं. रोज एक हात, मग दिवसभर वाळवण. मुरंब्याने आधीच तांबूस झालेलं लाकूड मधासारखं झालं. नाकाजवळ नेलं की अजून लवंगेचा किंचित वास येत होता, किंवा डेल्फियाला तसं वाटत होतं.

मेच्या मध्यावर न्हाणीघराचं दार बंद झालं आणि एस्टिल टॉवेल घेऊन ओढ्याला लागला. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'आत जाऊ नये. हात लावू नये. कुणीही.'

पहिला थर छान बसला. दुसरा, तिसरा, चौथा. धुतलेले सुती हातमोजे घालून ती नळी, चक्र, अंग, सगळं तारेला टांगत होती. पाचव्या दिवशी सकाळी, पाचव्या थराचं औषध लावायच्या आधी सगळं कोरडं लटकलेलं असताना झेटी आली. हातात ताटलीभर तळलेल्या सफरचंदाच्या पुऱ्या होत्या, डुकराच्या चरबीत तळलेल्या, अजून गरम. त्यातली एक ती वाटेतच खात आली होती.

"कुठवर आलंय?"

"रविवारी बघशील."

"मी फक्त विचारलं." झेटी बसली, दोन मिनिटं हवेविषयी बोलली, उठली. "हात धुऊन येते."

"मोरीवर धू, ताई. न्हाणीघर बंद आहे."

डेल्फियाने कॉफी ओतली. मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी, आणि न्हाणीघराच्या दारावरचा कागद हलत होता. जिची दुपटी आपण धुतली तिच्या हातचा हुकूम झेटीने आयुष्यात कधी वाचला नव्हता, तो आज वाचणार होती थोडीच.

"ताई!"

झेटी बाहेर आली. हात एप्रनला पुसत होती. "काळं दिसतंय," ती म्हणाली.

"हात लावलास का?"

"मी? मला काय करायचंय हात लावून?"

"खरं सांग."

"चार वर्षांची होतीस तेव्हाही अशीच उलटतपासणी घ्यायचीस. पुऱ्या खा, गार होतील."

डेल्फिया आत गेली. पिवळ्या दिव्याखाली सगळं जसंच्या तसं दिसत होतं. तिने औषध लावलं, गंज चढू दिला, उकळलं, झाडलं. सहावा, सातवा, आठवा. शुक्रवारी सकाळी तिने पिस्तूल जोडलं, तेलाचा हात दिला, चेरीच्या फळ्या बसवल्या आणि ओसरीत उन्हात आणलं.

नळी अशी निळी झाली होती की तिला हसू फुटलं. चक्र फिरवलं, खट्‌खट्‌ सहाही घरं नीट बसली. मग तिने ते डाव्या अंगावर वळवलं आणि तिचं हसू गेलं.

सपाट अंगाच्या मधोमध एक अंगठा उमटला होता. फिक्या राखाडी रेषा, एकात एक, स्पष्ट. जणू कुणी शाई लावून दाबला असावा.

"एस्टिल."

तो ओला टॉवेल गळ्यात घालून आला. पाहिलं. हात पाठीमागे घेतले, हा त्याचा शहाणपणा.

"माझंच मेलीचं चुकलं," डेल्फिया म्हणाली. "हातमोजा कुठेतरी फाटला असेल. पाच आठवडे! आणि रविवार परवा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी सगळ्यांसमोर झेटी चष्मा लावणार, पिस्तूल उन्हात फिरवणार आणि तिचं बोट बरोबर तिथे येणार. तिचं बोट नेहमी बरोबर तिथेच येतं.

एस्टिलने आतून भिंग आणलं. पहिल्यांदा पिस्तुलावर धरलं, मग डेल्फियाचा अंगठा ओढून त्यावर धरलं. "तुझा नाही."

"मग कुणाचा, भुताचा?"

"मधून आडवी एक रेघ गेलीये बघ. जखमेची आहे."

डेल्फियाने भिंग हिसकावून घेतलं. अंगठ्याच्या रेषा तोडत एक तिरपी रेघ गेली होती. ती रेघ तिने लहानपणापासून पाहिली होती. मक्याची कणसं कापताना कोयता लागला होता, तेव्हाची. चरबीचा हात, त्यात झेटीचा घाम. झेटीच्या घामाने शिवणाची सुई आठवड्यात गंजायची, तिच्या कात्रीला कुणी हात लावत नसे. काही माणसांचा घाम लोखंडाला असा लागतो. चार थरांखालून तो शांतपणे लोखंड खात राहिला होता.

"'मला काय करायचंय हात लावून,'" डेल्फियाने बहिणीच्या आवाजात म्हटलं. "चोराच्या उलट्या बोंबा. आणि वर मला पुऱ्या खायला सांगते."

"पुऱ्या मात्र झकास होत्या," एस्टिल म्हणाला आणि लगेच ओढ्याकडे निघून गेला.

ठसा काढायचा म्हणजे ते अंग पुन्हा लोखंडापर्यंत घासायचं, आणि पुन्हा आठ थर. रविवारपर्यंत ते होणं नव्हतं. पण घासून नुसतं एका रंगाचं करता आलं असतं. पंधरा पावलांवरून कुणाला कळलं नसतं. शनिवारी सकाळी ती कानस घेऊन बसली. पिस्तूल पकडीत धरलं. कानस ठशावर टेकवली.

टेकवली, आणि तिथेच राहिली. तो अंगठा तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, पण ती त्याला ओळखत होती. ताप आला की कपाळावर आधी तो टेकायचा. वेणी घालताना भांगावरून तो फिरायचा, जरा जोरातच. पाव भाजला की नाही ते दाबून पाहणारा तो, वाचताना ओळीखाली सरकत जाणारा तो. आईचा चेहरा डेल्फियाला आठवत नव्हता. तिला हा अंगठा आठवत होता. तिला एकाएकी इतकं भरून आलं की तिने कानस खाली ठेवली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून मनसोक्त रडून घेतलं.

रडून झाल्यावर तिला हसू आलं. आणि हेही खोटं नाही की त्या हसण्यात थोडी खोडीही होती. बघू दे म्हाताऱ्या झेटीला, कुणी खराब केलंय ते.

रविवारी टेकडीवर ऊन स्वच्छ होतं. कबरींवर खरी फुलं होती, प्लॅस्टिकची फुलं होती, एका काकाच्या कबरीवर त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाची टोपी होती. दोन भजनं झाली. लांब टेबलांवर तळलेलं कोंबडं, शेंगा, मक्याचा पाव, अंड्यांची कोशिंबीर आणि डेल्फियाचा सात थरांचा केक मांडला होता. जेवणाआधी झेटीने काठी टेबलावर आपटली आणि सगळे गप्प झाले.

"आण," ती म्हणाली.

डेल्फियाने रजईच्या तुकड्यात गुंडाळलेलं पिस्तूल तिच्या हातात ठेवलं. झेटीने आधी चक्र उघडून ते रिकामं असल्याची खात्री केली. मग एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. नळी पाहिली. उजवं अंग पाहिलं. एस्टिल पाठीमागे हात बांधून, मान खाली घालून उभा होता, पण त्याचे कान टवकारलेले होते. झेटीने पिस्तूल डावीकडे वळवलं आणि तिचं बोट बरोबर तिथे आलं.

"इथे डाग पाडलास."

"मी नाही पाडला," डेल्फिया म्हणाली. "अंगठा ठेव त्यावर."

"कुणाचा?"

"तुझा. उजवा."

झेटीने बहिणीकडे पाहिलं, जमलेल्या पन्नास माणसांकडे पाहिलं, आणि अंगठा ठशावर ठेवला. उचलला. चष्मा जवळ नेला. अंगठा पाहिला, ठसा पाहिला, तिरपी रेघ पाहिली. टेकडीवर इतकी शांतता होती की कोंबड्यावरच्या माश्या ऐकू येत होत्या.

"मॅमॉ," केंड्रा आजीला हळूच म्हणाली, "तू हात लावलास?"

"मी हात धुवायला गेले होते."

त्यावर जो हशा झाला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला. पाद्रीसाहेबांनी टोपीने तोंड झाकलं. झेटी मात्र हसली नाही. तिने ठशाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"बरा उमटलाय," ती म्हणाली.

"'बरा' धरायचा नाही," एस्टिल घाईघाईने म्हणाला. "'बरा' वेगळं, 'चांगला' वेगळं."

पण झेटीचं लक्ष तिकडे नव्हतं. तिचा हात मुठीवर थांबला होता. अंगठ्याने ती लाकूड चाचपत होती. मग तिने मूठ नाकाजवळ नेली आणि हुंगली. डेल्फियाला नऊ वर्षांची असल्यासारखी पाठ चोरावीशी वाटली.

"हा माझा चाटू."

"हो, ताई." तिचा आवाज बारीक झाला. "मीच पळवला होता. त्या मांसाच्या खोलीत, फळीखाली—"

"दारापासून तिसऱ्या फळीखाली. मला माहीत होतं."

डेल्फिया तिच्याकडे पाहत राहिली. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. फळीचे खिळे वर आलेले होते. तुला खिळा कधी सरळ ठोकता आला नाही."

"मग काढला का नाहीस?"

झेटीने चष्मा काढून खिशात ठेवला. तेवढा वेळ तिला लागला. "काढला असता तर तुला मारावं लागलं असतं," ती म्हणाली. "मी एकवीस वर्षांची होते, डेल्फी. बाबा म्हणायचे पोर बिघडेल, हात ढिला सोडू नकोस. चाटूच सापडत नाही म्हटल्यावर ते काय बोलणार? मी विहिरीतसुद्धा वाकून पाहिलं त्यांच्यासमोर."

डेल्फियाला काय करावं कळेना. ती एकदम पुढे झाली आणि तिने बहिणीला मिठी मारली. मधे काठी होती, पिस्तूल होतं, केकचं टेबल आड येत होतं, तरी मारली. झेटी ताठ उभी राहिली, पण तिचा मोकळा हात वर आला आणि डेल्फियाच्या भांगावरून अंगठा फिरला, जरा जोरातच.

"पुरे," ती म्हणाली. "अंगावर रडू नकोस, एप्रन कालच धुतलाय." मग डेल्फियाच्या खांद्यावरून तिने पिस्तूल नातीच्या हातात दिलं. "घे गं. मूठ धरून बघ. पहिली गोळी चुकते, लक्षात ठेव. घामट हाताने धरू नकोस. आणि हा ठसा कुणाला घासू देऊ नकोस, मी असले नसले तरी. माझ्या बहिणीने चांगलं करून दिलंय. आता तो केक कापा, यंदा दालचिनी किती घातलीय बघू."

डेल्फियाने ते ऐकलं नाही. तिचं तोंड झेटीच्या खांद्यात होतं आणि कान गच्च झाले होते. तिला कळलं ते एस्टिलच्या चेहऱ्यावरून. तो कबरींच्या रांगांकडे पाहत होता, वरच्या कुंपणापासून खालच्या कुंपणापर्यंत, एकेक मोजत.

"काय म्हणाली?" तिने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही," एस्टिल म्हणाला.

"म्हणाली," केंड्रा म्हणाली. "मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं."

पुढच्या मे महिन्यात एस्टिलने टेकडीवरचं सगळं गवत एकट्याने, विळ्याने कापलं. त्याला चार दिवस लागले. डेल्फिया रोज दुपारी त्याला शेंगा आणि मक्याचा पाव घेऊन वर जायची आणि त्याची आखडलेली बोटं एकेक करून मोकळी करायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी झेटी काठी टेकत, केंड्राच्या आधाराने वर आली. तिने चष्मा लावून सगळी टेकडी पाहिली.

"कोपरे राहिलेत," ती म्हणाली.